राइज की रेझ? ‘ने’ लागतोय का ते बघा

परवा भाचीची आयेल्ट्सची, म्हणजे त्या इंग्रजीच्या परीक्षेची, प्रॅक्टिस वही चाळत होते. घरभाड्याचा ग्राफ आणि खाली तिने लिहिलेलं, ‘रेंट्स रेझ्ड इन 2015’. म्हटलं, हे भाडं वाढवलं कोणी? तर म्हणे, मावशी, दोन्हीचा अर्थ वाढणंच ना!

नाही ना. राइज म्हणजे वाढणं, रेझ म्हणजे वाढवणं, एवढाच फरक आहे आणि तो आपल्या मराठीत आयता पडलाय, पडणं-पाडणं, मरणं-मारणं असतं ना तसलीच जोडी. तरी सगळे चुकतात कारण शाळेपासून डोक्यात इन्क्रीज बसलेलं असतं आणि ते दोन्हीकडे चालतं, वाढलं तरी इन्क्रीज, वाढवलं तरी इन्क्रीज.

माझी युक्ती सांगते. वाक्य आधी मराठीत भूतकाळात म्हणायचं. ‘भाडं वाढलं’, इथे कुठे ‘ने’ नाही, म्हणजे राइज, आणि भूतकाळात रोझ. ‘मालकाने भाडं वाढवलं’, ‘ने’ आला, म्हणजे रेझ्ड. मी आणि तू ला ‘ने’ दिसत नाही, तिथे ‘त्याने’ घालून बघायचं. (‘आईने भात वाढला’ मध्येही ‘ने’ आहे असं भाची लगेच बोलली, अगं पण ते सर्व्ह, तुझ्या ग्राफमध्ये भात कुठून आला!)

रूपं: राइज-रोझ-रिझन, पाठच करावी लागतात. रेझ गरीब आहे, रेझ्ड-रेझ्ड.

आता ‘रेंट्स रेझ्ड’ कानाला बरोबर का वाटतं? तर बातम्यांमध्ये ‘रेट्स वर (were) रेझ्ड’ वाचलेलं असतं, म्हणजे दर वाढवले गेले, ते एकदम बरोबर आहे, आपण फक्त मधला ‘वर’ गिळतो आणि घोळ होतो.

आयेल्ट्सचा अ‍ॅकॅडमिक प्रकार देणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. रायटिंगच्या टास्क 1 मध्ये, तोच किमान 150 शब्दांचा, ग्राफ कोणी काय केलं ते बहुतेक सांगतच नाही, नुसते आकडे वरखाली होतात, त्यामुळे तिथे जवळजवळ सगळीकडे राइज. टास्क 2 च्या किमान 250 शब्दांच्या निबंधात मात्र सरकारने टॅक्स वाढवावा, लोकांमध्ये जागरूकता वाढवावी, आईवडिलांनी मुलं कशी वाढवावी, सगळं रेझ. मुलं आपली आपण वाढली तर ते ग्रो, तिथे राइज लावू नका, ती काय केकचं पीठ आहेत?

पगारवाढीचं विचाराल तर ब्रिटिश लोक पे राइज म्हणतात, अमेरिकन नुसतं रेझ. आयेल्ट्सला दोन्ही चालतं, फक्त एका पेपरात दोन्हींची भेळ नको.