फोनवरच सुरू होणारा उपचार: डिस्पॅचरच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्याला, म्हणजे डिस्पॅचरला, वैद्यकीय प्रशिक्षण हवं, ही कल्पना जेमतेम पन्नास वर्षांची आहे. त्याआधी त्याचं काम एवढंच: पत्ता लिहून घ्यायचा, गाडी सोडायची, फोन ठेवायचा. लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक १९३७ साली आला. अमेरिकेत अशाच ९११ या क्रमांकावरचा पहिला फोन १९६८ साली अलाबामातल्या हेलीव्हिल गावात लागला. क्रमांक सोपे झाले, पण गाडी पोचेपर्यंत घरच्यांनी काय करायचं हे सांगायला कोणी नव्हतं.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात हे बदललं. श्वास थांबलेल्या एका बाळाच्या घरून फोन आला, तेव्हा अग्निशमन दलातल्या एका पॅरामेडिकने (तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याने) फोनवरूनच सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा उपचार, कसा द्यायचा ते सांगितलं. बाळ वाचलं. त्या पॅरामेडिकसमोर कुठलाही लिहिलेला मजकूर नव्हता. स्वतःच्या अनुभवातून सुचेल तसं तो सांगत गेला. पण असा अनुभवी माणूस प्रत्येक पाळीला फोनवर असेलच याची खात्री कोण देणार?

याचं उत्तर सॉल्ट लेक सिटीत निघालं. तिथल्या अग्निशमन दलाचे डॉक्टर जेफ क्लॉसन यांनी १९७८च्या सुमारास प्रश्नांची कार्डं तयार करायला घेतली. छातीत दुखणं, भाजणं, पडणं, घशात घास अडकणं अशा तक्रारींनुसार कार्डांचे २९ संच झाले. कोणते प्रश्न विचारायचे, गाडी येईपर्यंत काय करायला सांगायचं आणि कोणती गाडी किती घाईने पाठवायची, हे त्यांवर लिहिलेलं होतं. घाई किती, हा मुद्दा त्यात फार मोलाचा होता. प्रत्येक फोनला सायरन वाजवत जास्तीत जास्त गाड्या धाडल्या की रस्त्यात अपघात होतात आणि ज्याचा जीव खरोखर धोक्यात आहे त्याच्यासाठी गाडी उरत नाही.

तरीही वैद्यकीय ज्ञान असलं की पुरे, असा समज टिकून होता. १९८४च्या जानेवारीत डॅलसमध्ये तो फार वाईट रीतीने खोटा ठरला. एका माणसाने सावत्र आईला श्वास घेता येत नाही म्हणून फोन केला. फोनवर प्रशिक्षित परिचारिका होती. मला तुमच्या आईशीच बोलू द्या, असा तिने हट्ट धरला. वाद झाला, गाडीला उशीर झाला आणि ती बाई गेली. हे संभाषण पुढे देशभर ऐकवलं गेलं. माझ्या मते या क्षेत्राचा सगळ्यांत मोठा धडा इथे आहे. रुग्ण दिसत नसताना, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून माहिती काढणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि नर्सिंगच्या शिक्षणातून ते आपोआप येत नाही.

म्हणून आजच्या अभ्यासक्रमात आवाजाला मोठं स्थान आहे. समोरचा ओरडत असेल तर तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच शांत स्वरात पुन्हापुन्हा म्हणायचं, आणि सांगितलेली गोष्ट का करायची तेही सांगायचं. प्रश्नांचा क्रम स्वतःच्या अंदाजाने बदलायचा नाही.

सिएटलच्या किंग काउंटीने १९८०च्या दशकात डॉ. मिकी आयझेनबर्ग यांच्या पुढाकाराने फोनवरून सीपीआर शिकवण्याची पद्धत पक्की केली. तिथे एक अडचण ठळकपणे दिसली. हृदय बंद पडलेला माणूस काही वेळ आचके देतो आणि घरचे सांगतात, ‘श्वास चालू आहे’. हा फसवा श्वास ओळखायला डिस्पॅचरला मुद्दाम शिकवावं लागतं. २०००मध्ये सिएटलच्याच अभ्यासातून दिसलं की फोनवरून नुसती छाती दाबायला सांगितली, तरी तोंडाने श्वास देण्यासह केलेल्या सीपीआरइतकाच उपयोग होतो. मग सूचना आणखी आटोपशीर झाल्या.

भारतात १०८ सेवा २००५ साली हैदराबादमधून सुरू झाली. गोव्यात ती २००८ साली आणि महाराष्ट्रात २०१४ साली आली. महाराष्ट्राची कंट्रोल रूम पुण्यात उभी राहिली. परदेशी कार्डांचं नुसतं भाषांतर इथे पुरणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. वाडीवस्तीवरून फोन करणारा घरनंबर सांगत नाही, ‘मारुतीच्या देवळापासून वर’ म्हणतो. छातीत दुखण्याला ‘कळ मारतेय’ म्हणतो, फिट येण्याला ‘आकडी’ म्हणतो. हे शब्द आणि या खुणा डिस्पॅचरच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून हव्यात.