वाऱ्याच्या पुढे धावणारे शीड

शिडाची होडी वाऱ्याच्या ढकलण्याने पुढे जाते आणि म्हणून ती वाऱ्यापेक्षा अधिक वेगाने जाऊच शकत नाही, हा समज सुशिक्षित माणसांमध्येही इतका पक्का आहे की त्याविरुद्ध काही सांगितले, तर ऐकणारा आधी अविश्वासानेच पाहतो. हांगझोऊ येथे 2023 साली झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या इबाद अलीने विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून पाण्यावरून धावण्याच्या खेळाच्या, ‘आरएस:एक्स’ प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या खेळाविषयी बोलणे निघाले की हाच समज माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की पंधरा नॉटच्या वाऱ्यात तयारीचा स्पर्धक वीस नॉटच्या पुढे सहज जातो. (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.) फ्रान्सच्या आंत्वान आल्बोने 2015 साली नामिबियातील ल्युडेरिट्झ येथे 500 मीटरच्या अंतरात सरासरी 53.27 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 98.7 किलोमीटर, इतका वेग नोंदवला. हे कसे घडते, हे समजून घेण्यासाठी शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत आणि कोकण किनाऱ्यावरची एक दुपार एवढे भांडवल पुरेसे आहे.

आधी साधनाविषयी थोडक्यात. न्यूमन डार्बी यांनी शिडाची फळी 1965 साली अमेरिकेत प्रसिद्ध केली, आणि जिम ड्रेक व हॉयल श्वाइत्झर यांनी 1968 साली आपल्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या रचनेत डोलकाठी फळीत घट्ट रोवलेली नसते. तिच्या पायथ्याशी सर्व दिशांना कलणारा सांधा असतो आणि शिडाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी बूम नावाची कमान धरून खेळाडू ते शीड उभे ठेवतो. या फळीला सुकाणू नसते. शीड पुढे कलवले की वाऱ्याचा जोर फळीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, सरकतो आणि नाळ वाऱ्यापासून दूर वळते. शीड मागे कलवले की नाळ वाऱ्याकडे येते. पुरुषांसाठी 1984 च्या आणि महिलांसाठी 1992 च्या ऑलिंपिकपासून हा खेळ त्या स्पर्धेत आहे.

आता वारा. मार्च ते मे या महिन्यांत देवबाग, तारकर्ली, गुहागर किंवा मुरूडच्या पुळणीवर सकाळी दहा वाजता उभे राहिले, तर समुद्र बहुधा तेलासारखा सपाट असतो आणि सुरूच्या बनात पानही हलत नाही. पहाटेचा मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, थांबलेला असतो आणि खारा वारा अजून सुरू झालेला नसतो. पाण्याची विशिष्ट उष्णता अधिक, त्यातच सूर्यकिरण पाण्यात खोलवर शिरतात आणि वरचा थर सतत ढवळला जातो. त्यामुळे समुद्राचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही, तर वाळू आणि कातळसडे काही तासांत तापतात. तापलेल्या जमिनीवरची हवा प्रसरण पावून वर जाते, तेथे वायुदाब किंचित कमी होतो आणि समुद्रावरची थंड हवा ती जागा घ्यायला आत येते. अकराच्या सुमारास दूर पाण्यावर बारीक सुरकुत्यांचा गडद पट्टा दिसू लागतो आणि हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो. तो पट्टा किनाऱ्याला लागला की थोड्याच वेळात सुरूचे शेंडे हलू लागतात. शिडांच्या दिवसांत मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, हे मच्छीमारांचे वेळापत्रक याच यंत्रणेवर बेतलेले होते.

या वाऱ्याची एक खुबी स्पर्धकांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. सुरुवातीला तो साधारणपणे किनाऱ्याशी काटकोनात, म्हणजे पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. पण दुपार कलू लागते तसा तो उजवीकडे वळत वायव्येकडून वाहू लागतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते. मालवणच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे 16 अंशांवर, मोकळेपणाने वाहणाऱ्या हवेसाठी हे वळण ताशी जेमतेम 8 अंशांचे भरते, पण तीन-चार तासांत ते जाणवण्याइतके होते. शिवाय मोसमी पावसापूर्वी या किनाऱ्यावर मुळातच वायव्येकडील वाऱ्यांचे प्राबल्य असते. शर्यतीत वारा येतो त्या दिशेने जायचे असते तेव्हा सरळ जाता येत नाही, नागमोडी टप्प्यांनी जावे लागते. आणि वारा उजवीकडे वळणार असल्याची खात्री असेल, तर मार्गाच्या उजव्या अंगाने जाणाऱ्याला तेच अंतर कमी पडते. गोव्यात दोना पावलाच्या पाण्यात सराव करणारे खेळाडू हे पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या दुपारींतून शिकतात.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो, आणि तिला थोडा अधिक वेळ देण्याची वाचकांना विनंती करतो, कारण या खेळातले सगळे सौंदर्य मला तिच्यातच दिसते.

वारा पूर्ण पडलेला असताना यांत्रिक होडी दहा नॉटने निघाली, तर नाळेवर उभ्या असलेल्या माणसाला समोरून दहा नॉटचा वारा लागतो. हा वारा होडीच्या गतीने निर्माण झालेला आहे, आणि तिच्यावर शीड असते तर त्या शिडालाही तोच लागला असता. आता असे धरा की खरा वारा पंधरा नॉटचा आहे आणि फळी त्याच्याशी काटकोनात वीस नॉटने जात आहे. शिडाला एकाच वेळी बाजूने पंधरा नॉटचा आणि समोरून वीस नॉटचा वारा लागतो. पायथागोरसप्रमाणे दोहोंचा मिळून वारा पंचवीस नॉटचा होतो आणि तो नाळेपासून सुमारे 37 अंशांवरून येतो. याला सापेक्ष वारा म्हणावे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाला पंधरा नॉट लागतात आणि त्याच वेळी, त्याच पाण्यावर शीड पंचवीस नॉटमध्ये काम करत असते. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फळीने स्वतःच्या धावण्याने आपला जोर जवळजवळ पावणेतीन पट करून घेतला.

पण हा वारा तर पुढून येतो. मग तो फळीला मागे का लोटत नाही? कारण शीड हा अडथळा नसून उभा केलेला पंख आहे. त्याच्या बाकदार अंगावरून वाहताना हवेची दिशा बदलते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून शिडावर जोर येतो, तो वाऱ्याच्या दिशेने नव्हे, तर जवळजवळ तिच्याशी काटकोनात. या जोराचा मोठा भाग फळीला आडवे ढकलतो आणि लहान भाग पुढे ओढतो. आडवे ढकलणे थोपवते ते फळीखालचे फिन, माशाच्या परासारखे उभे पाते. शीड सहा-सात चौरस मीटरचे असताना जेमतेम हातभर लांबीचे फिन त्याला पुरे पडते, कारण पाण्याची घनता हवेच्या 800 पटींहून अधिक असते. फणसाची बुळबुळीत आठळी दोन बोटांच्या चिमटीत दाबली की ती बोटांच्या दिशेने न जाता तिसऱ्याच दिशेने सुटते. शीड आणि फिन ही इथली दोन बोटे आहेत.

याला मर्यादा कोणती? शिडाला हवेचा अवरोध होतोच, त्यामुळे त्याच्यावरचा एकूण जोर बरोबर काटकोनात न राहता थोडा मागे कलतो. हा कल म्हणजे पहिला कोन. फिन आणि फळी यांच्यावरच्या पाण्याच्या जोराचाही तसाच कल असतो; तो दुसरा कोन. फळी स्थिर वेगाने जात असते तेव्हा हवेचा आणि पाण्याचा जोर समान आणि विरुद्ध असतात, आणि या अटीवरून थोड्या भूमितीने असे निघते की सापेक्ष वारा व गतीची दिशा यांच्यातील कोन या दोन कोनांच्या बेरजेइतका असतो. त्याहून लहान तो होऊ शकत नाही. त्याला ‘क’ म्हणू. मग वेगांच्या त्रिकोणाला ज्येचा (साइनचा) नियम लावला की फळीचा कमाल वेग खऱ्या वाऱ्याच्या वेगाला ‘क’च्या ज्येने भागून मिळतो. ‘क’ 37 अंश असेल तर त्याची ज्या 0.6, पंधरा भागिले 0.6 म्हणजे पंचवीस नॉट. ‘क’ 30 अंशांवर आणता आला तर ज्या अर्धी, आणि फळी वाऱ्याच्या दुप्पट वेगाने जाईल.

गंमत अशी की हा पंचवीस नॉटचा वेग वाऱ्याशी काटकोनात जाताना मिळत नाही. मघाशी फळी वाऱ्याच्या आडवी होती आणि तिला वीस नॉट मिळाले. तीच फळी आणखी 37 अंश वळवून, म्हणजे खरा वारा तिरका पाठीमागून येईल अशी नेली, की वेग पंचवीस होतो. तेथे सापेक्ष वारा वीस नॉटचा असतो आणि त्रिकोणाच्या बाजू पुन्हा 15, 20 आणि 25 याच राहतात. फक्त कर्ण आता फळीच्या वाट्याला आलेला असतो. खरा वारा पाठीमागचा असूनही शिडाला तो पुढूनच लागतो, म्हणून स्पर्धक शीड सैल न सोडता अंगाशी ओढून धरतो. याउलट सरळ वाऱ्याबरोबर धावले, तर वेग वाऱ्याइतका होत गेला की सापेक्ष वारा शून्यावर येतो आणि शीड मलूल पडते. ढकलण्याचा नियम खरा आहे, पण केवळ या एका दिशेपुरता. यात कोठेही शून्यातून ऊर्जा निर्माण होत नाही. हवा आणि पाणी यांच्या गतीत फरक आहे तोवरच हे चालते, आणि फळीने घेतलेल्या ऊर्जेइतका वारा तिच्या मागे मंदावतो.

हे गणित प्रत्यक्षात यायला पाण्याचा अवरोध कमी व्हावा लागतो. संथ जाणारी फळी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. अडीच मीटर लांबीच्या लाटेचा वेग सुमारे चार नॉट असतो, आणि तेवढ्याच लांबीच्या फळीला त्या वेगाजवळ पाण्याची जणू भिंत लागते. ती ओलांडण्यासाठी खेळाडू शीड झटक्याझटक्याने ओढतो, फळीची नाळ उचलली जाते आणि पाण्याच्या उसळीने तरंगण्याऐवजी ती पाण्यावरून घसरू लागते. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये आलेल्या ‘आयक्यूफॉइल’ प्रकारात तर फिनच्या जागी खाली आडवे पंख लावलेला दांडा, म्हणजे फॉइल, असतो, आणि फळी पाण्याबाहेर उचलली जाऊन केवळ ते पंख पाण्यात राहतात. ‘क’ आणखी लहान होतो. त्यामुळे सात-आठ नॉटच्या खाऱ्या वाऱ्यातही, जेथे पूर्वी स्पर्धकाला वारा वाढण्याची वाट पाहत किनाऱ्यावर बसावे लागे, तेथे आता सराव होऊ शकतो.

वाट पाहणे मात्र या आयुष्यातून संपत नाही. लाटांच्या आणि उड्यांच्या स्पर्धांचे खेळाडू कॅनरी बेटांवरील पोझो, हवाईतील होओकिपा अशा जोरदार वाऱ्याच्या जागा हंगामाप्रमाणे गाठत असतात, तीनपासून सहा चौरस मीटरपर्यंतची अनेक शिडे बरोबर नेतात, कारण वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ऑलिंपिकच्या प्रकारात ती सोय नाही. 2024 साली पुरुषांना नऊ आणि महिलांना आठ चौरस मीटरचे एकच शीड होते, मग वारा कितीही असो. वाढत्या वाऱ्यात दोऱ्या ताणून शिडाचा फुगवटा कमी करायचा आणि उरलेला भार कमरेच्या हार्नेसवर, पायांवर आणि हातांवर घ्यायचा. नियमित सराव करणाऱ्याचे तळहात पाहिले, तर बोटांच्या मुळाशी बूमने पाडलेले घट्टे ओळीने दिसतात.

कोकणात लाटांचेही वेळापत्रक असते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवले आहे की मोसमापूर्वीच्या दिवसांत खाऱ्या वाऱ्याबरोबर दुपारी आखूड लाटा उठतात आणि रात्री मावळतात. आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अरबस्तानाकडील शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लांब लाटाही मधूनमधून वायव्येकडून या किनाऱ्यावर पोहोचतात. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत मात्र उघड्या समुद्रावर जाणे हे धाडस नसून बेजबाबदारपणा आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या शांत होतो, असे श्रद्धेने सांगितले जाते. त्या सणातली कृतज्ञता मला मनापासून आवडते, पण नवशिक्यांनी त्या तिथीवर विसंबून पाण्यात उतरू नये. ही पौर्णिमा 2020 साली 3 ऑगस्टला होती आणि 2023 साली 30 ऑगस्टला. दर्या शांत होतो तो मोसमी वारे मंदावल्यामुळे, आणि त्यांना तिथी ठाऊक नसते.

फॉइलने वाऱ्याची अडचण कमी केली, तशी या किनाऱ्यावर एक नवी अडचण आणली. फॉइलचा दांडा सुमारे 95 सेंटिमीटर लांब, म्हणजे फळीखाली मीटरभराहून अधिक मोकळे पाणी हवे. आणि कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीला वाळूचे दांडे उघडे पडतात, शिवाय पावसाळ्यानंतर त्यांच्या जागाही बदललेल्या असतात. वीस नॉटच्या वेगात पंख वाळूत रुतला, तर खेळाडू शिडावरून पुढे फेकला जातो. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढून घ्यायचे, जाळे किनाऱ्याजवळ लावलेले असेल, तर त्याचे दोर पाण्यावरून दिसत नाहीत, आणि पंखाने जाळे फाटले तर नुकसान मच्छीमारांचे होते. म्हणून देवबाग-तारकर्लीच्या बाजूला फॉइल घेऊन उतरणाऱ्याने वाऱ्याच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळ पाहावी आणि त्या दिवशी रापण कोठे लागली आहे, हे रापणकरांना विचारूनच पाण्यात जावे.