टाकी धुवून लख्ख, मासे मात्र उलटे

कोल्हापुरात फिशटँक असलेल्या घरात रविवारचा एक ठरलेला कार्यक्रम असतो: मासे बादलीत, टाकी न्हाणीत, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा. ‘सगळं पाणी बदललं की मासे निरोगी’ हा समज दुकानापासून शेजारच्या काकांपर्यंत पक्का बसलाय. तो चुकीचा आहे. माझे दोन गोल्डफिश त्यातच गेले.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. स्पंजवर, खड्यांवर वाढलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. स्पंजवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे निव्वळ घाण नव्हे, तिथं हे कामगार राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं आणि माशांचे कल्लेही जाळतं.

म्हणून आठवड्याला पाव टाकीच पाणी बदला. नवं पाणी आधी अँटीक्लोरीन घालून, तापमान जुळवून घ्या. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. आणि रंकाळा तलावावर चुरमुरे टाकल्यागत टाकीत खाणं ओतू नका. दोन मिनिटांत संपेल एवढंच बास.