मागचा फोटो नीट दिसत नाही? फोन करण्याआधी हे वाचा

(आमच्याकडून वेबसाइट करून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

"अहो, साइट बिघडलीये." आमच्याकडचे निम्मेअधिक फोन असेच सुरू होतात. खोदून विचारले की कळते, साइट धडधाकट आहे, पाने उघडताहेत, फॉर्म भरला जातोय. मजकुराच्या मागे लावलेला मोठा फोटो, म्हणजे बॅकग्राउंड, तेवढा मनासारखा दिसत नाही. कोणाचा कापला गेलेला असतो, कोणाचा दिसतच नाही, कोणाला अजून गेल्या दिवाळीचाच दिसतो. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांतले एक तर घरच्या घरी बरे होते.

तेच आधी घेऊ.

बदलूनही जुनाच फोटो दिसतो

ब्राउझर एकदा उतरवलेला फोटो जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान झटकन उघडते. यालाच कॅश म्हणतात. कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही तीन बटणे एकत्र दाबा (मॅकवर क्रोममध्ये कंट्रोलऐवजी कमांड). मोबाइलवर इन्कॉग्निटो टॅबमध्ये (जपून ठेवलेले जुने फोटो न वापरणाऱ्या खासगी टॅबमध्ये) साइट उघडा. तिथे नवा फोटो दिसला तर काम झालेले आहे, आम्हाला फोन करू नका. फोटो तुम्ही स्वतः बदलत असाल तर नवा फोटो जुन्याच नावाने चढवू नका. नाव बदलले की ब्राउझरला तो नव्याने उतरवावाच लागतो, आणि तुमच्या गिऱ्हाइकांना कोणती बटणे दाबायची ते शिकवत बसावे लागत नाही.

फोटो कापला जातो

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे जाहिरात म्हटली की फ्लेक्स. दहा बाय चारचा फ्लेक्स चौकात लावा नाहीतर दुकानावर, तो दहा बाय चारच राहतो. वेबसाइटच्या पानाला असे माप नसते. ऑफिसातला स्क्रीन आडवा, हातातला फोन उभा.

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या एका दुकानाने आम्हाला फ्लेक्सचेच डिझाइन पाठवले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांत ‘लग्नाच्या बस्त्यासाठी खास दालन’. कॉम्प्युटरवर झकास दिसले. मोबाइलवर त्यातले फक्त ‘त्यासाठी’ उरले. कशासाठी, ते गिऱ्हाइकाने ओळखायचे!

हिशोब साधा आहे. कॉम्प्युटरचा स्क्रीन बहुधा १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ब्राउझरच्या मापाने रुंदी ३६० आणि उंची ८०० धरली जाते. आडवा फोटो ८०० उंचीत बसवला की त्याची रुंदी होते साधारण १४२२, आणि खिडकी आहे ३६०ची. म्हणजे फोटोचा चौथा हिस्सा दिसणार, तीन हिस्से बाहेर. फोटो पूर्ण दाखवायचा म्हटले तर वर-खाली रिकामे पट्टे पडतात. ताणून बसवला तर नवरी लांबुडकी दिसते. चौथा मार्ग नाही, आम्ही शोधून पाहिला.

म्हणून आमचा आग्रह असतो की फोटोत अक्षरे नकोत. मजकूर आम्ही वरून वेगळा लिहितो, तो स्क्रीनप्रमाणे आपोआप दोन-तीन ओळींत बसतो आणि गूगललाही वाचता येतो. फोटोतली मुख्य गोष्ट शक्यतो मध्ये असू द्या. ती एका बाजूलाच असेल तर तसे सांगा, म्हणजे कापताना ती बाजू धरून ठेवता येते. सर्वांत उत्तम म्हणजे मोबाइलसाठी वेगळा उभा फोटो द्या.

एकच फोटो फरशीसारखा पुन्हापुन्हा दिसत असेल तर तो लहान आहे. ‘पुन्हा लावू नको’ असे सांगितले नाही तर ब्राउझर जागा भरेपर्यंत तोच लावत जातो. ती आमची एका ओळीची दुरुस्ती आहे, कळवा.

फोटो दिसतच नाही

बहुतेक वेळा दोष फाइलच्या नावात असतो. विंडोजला इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे सारखीच, तुमची साइट जिथे ठेवलेली असते त्या आमच्या लिनक्स सर्व्हरला मात्र वेगळी. त्यामुळे तुमच्या कॉम्प्युटरवर दिसणारा फोटो साइटवर ‘सापडला नाही’ होतो. नाव लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा, मध्ये मोकळी जागा आणि कंस नको.

दुसरा घोळ आयफोनचा. २०१७पासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. आयफोनच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे नव्या सफारीत तो दिसतो, अँड्रॉइड आणि कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये नाही. त्यामुळे मालकांना स्वतःच्या फोनवर सगळे ठीक वाटते आणि गिऱ्हाइकाला कोरी पट्टी दिसते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. पुढचे फोटो सगळीकडे दिसणाऱ्या जेपीजी प्रकारात येतील.

कधी फोटो असतो, पण आठ एमबीचा. स्वारगेटला बसची वाट बघत उभा असलेला माणूस तो उतरेपर्यंत थांबत नाही. आम्ही १९२० रुंदीचा, तीनशे केबीच्या आसपासचा फोटो करून लावतो आणि त्याच्याखाली एक गडद रंग देतो, म्हणजे फोटो यायच्या आधीही पांढरी अक्षरे वाचता येतात. गूगल ड्राइव्हची लिंक चिकटवून काम होत नाही. ती फोटो दाखवणाऱ्या पानाची लिंक असते, फोटोची नव्हे.

हौस असेल तर कॉम्प्युटरवर एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. लाल ओळीत ४०४ दिसले तर फाइल त्या जागी नाही, हे नक्की.

काही गोष्टी बिघाड नसतात

पान सरकले तरी मागचा फोटो जागेवर थांबतो, ती करामत आयफोनवर धड चालत नाही. म्हणून मोबाइलवर आम्हीच ती बंद ठेवतो. पानाची प्रिंट काढताना मागचा फोटो येत नाही, कारण शाई वाचावी म्हणून ब्राउझर तो गाळतो. क्रोममध्ये प्रिंटच्या खिडकीत ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर खूण करा. छापखान्यातून आलेल्या फाइलचे रंग भडक किंवा मळकट दिसत असतील तर ती छपाईच्या चार रंगांतली, सीएमवायके आहे. त्यांच्याकडून आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली फाइल मागून घ्या.

तरीही कळवायचे असेल तर

पावतीवरच्या नंबरवर पूर्ण स्क्रीनशॉट पाठवा, वरची पत्त्याची पट्टी कापू नका. फोन कोणता, ब्राउझर कोणता तेही लिहा. नवा फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साधा पाठवला की तो लहान होऊन येतो. फोटो बदलून देणे वार्षिक देखभालीत येते. फ्लेक्सवरची अक्षरे खोडून मागची साडी मोकळी करून देणे येत नाही, त्याचे वेगळे पैसे पडतील.