मान वाकडी म्हणजे लकवाच? तसं नाही

अडीच-तीन वर्षांचा जर्बिल (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) एकाएकी मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागला, की निदान ठरलेलं: लकवा, आता काही खरं नाही. हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा. म्हाताऱ्या जर्बिलला लकवा होतो, पण त्यात सहसा एक बाजू लुळी पडते, आणि बरेच जण काही दिवसांत थोडेफार सावरतातही. मान कलंडणं, तोल जाणं, सारखा कान खाजवणं हे मात्र बऱ्याचदा आतल्या कानाचं दुखणं असतं. जंतुसंसर्ग असेल तर औषधाने बरा होऊ शकतो. वय झाल्यावर कानात गाठीसारखी वाढही होते, ती हट्टी. फरक डॉक्टरच कान तपासून सांगणार, आणि न्यायचं ते त्याच दिवशी. एवढ्याशा जिवाला उपाशी दिवस परवडत नाही. घरातलं अँटिबायोटिक तर नकोच. स्ट्रेप्टोमायसिन जर्बिलच्या जिवावर उठतं. तोवर चाक नि शिड्या काढा, ऊब द्या, पाण्याची बाटली खाली बांधा, भिजवून मऊ केलेलं खाणं तोंडापाशी ठेवा. आणि हो, ‘वाळवंटातला प्राणी, त्याला पाणी कशाला’ हेही डोक्यातून काढा.