ताणसंप्रेरके आणि स्मृती

भीती, धक्का किंवा अपमानाच्या प्रसंगी शरीरात स्रवणारी ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके त्या प्रसंगाची आठवण मेंदूत घट्ट बसवतात. ही दोन्ही संप्रेरके मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येतात. ॲड्रेनलिन काही सेकंदांत उसळते, कॉर्टिसॉलला मात्र वीसएक मिनिटे लागतात.

नवी आठवण सुरुवातीला ओल्या सिमेंटसारखी कच्ची असते आणि संप्रेरकांचा प्रभाव पडतो तो याच अवधीत. उंदराला एखादी गोष्ट शिकवून लगेच ॲड्रेनलिन टोचले, तर दुसऱ्या दिवशी ती त्याच्या अधिक लक्षात राहते. टोचायला उशीर केला, तर फरक पडत नाही. गंमत अशी, की ॲड्रेनलिन रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. त्याची वर्दी व्हेगस मज्जातंतूमार्फत मस्तिष्कस्तंभाला पोचते, तिथून नॉरॲड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन सुटते आणि अमिग्डला हा मेंदूतला, भावनांशी निगडित, बदामाच्या आकाराचा भाग जागा होतो. आठवण साठते ती मुख्यतः इतरत्र, हिप्पोकॅम्पस व मेंदूच्या बाह्यपटलात; ‘हे जपून ठेवा’ एवढाच अमिग्डलाचा निरोप. कॉर्टिसॉल मात्र थेट मेंदूत उतरते. हिप्पोकॅम्पसमध्ये या वर्गातील संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे ते ज्यांना चिकटून काम करते असे पेशींमधले रेणू, असल्याचे ब्रूस मॅकइवेन यांनी 1968 मध्ये उंदरांत दाखवले.

माणसांवरचा गाजलेला प्रयोग लॅरी केहिल, जेम्स मॅगॉ व सहकाऱ्यांचा, 1994 मधला. स्लाइड दाखवत एक गोष्ट सांगितली गेली: आई मुलाला घेऊन निघते, वाटेत मोटार त्याला उडवते, शल्यचिकित्सक त्याची तुटलेली पावले पुन्हा जोडतात. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल दिले होते. रक्तदाबासाठी वापरले जाणारे हे औषध ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनचे बीटा ग्राही अडवते. आठवड्याने विचारले, तेव्हा इतरांना अपघाताचा भाग ठळक आठवला. औषध घेतलेल्यांना तो बाकीच्या गोष्टीइतकाच आठवला. साध्या, अपघात नसलेल्या गोष्टीच्या आठवणीत औषधाने फरक पडला नाही.

मग ऐन परीक्षेत पाठ केलेले का सुचत नाही? आठवण साठवणे आणि ती बाहेर काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ‘ताणाने स्मरणशक्ती वाढते की घटते’ हा प्रश्नच त्यामुळे अर्धवट ठरतो. डॉमिनिक द क्वेर्व्हाँ व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये पाण्याच्या हौदात लपलेला चौथरा शोधायला शिकलेल्या उंदरांना चाचणीपूर्वी विजेचा झटका दिला. झटका 2 मिनिटे किंवा 4 तास आधी दिला, तर उंदीर चौथऱ्याच्या जागी बरोबर जात. 30 मिनिटे आधी दिला, तर चाचपडत. त्या अर्ध्या तासात कॉर्टिसॉलचे उंदरातले भावंड, कॉर्टिकोस्टेरोन, रक्तात वाढलेले असते. त्याची निर्मिती औषधाने रोखली, तेव्हा विसरणेही टळले.

ताण कित्येक आठवडे टिकला तर प्रकरण निराळे: प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या शाखा आखडतात, ताण संपल्यावर त्या बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात. आघातोत्तर ताणविकारात (पीटीएसडी) नकोशा आठवणींची धार बोथट करण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल वापरून पाहिले गेले. निष्कर्ष एकसारखे आले नाहीत.