हवा 10 अंश, कमळ 30

कमळ म्हटलं की आपल्याला गारवाच आठवतो. पण उमललेल्या कमळाच्या आत तापमापक घालून पाहिला तर वेगळंच दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या वनस्पती उद्यानात रॉजर सेमूर आणि पॉल शुल्झ-मोटेल या शास्त्रज्ञांनी तेच केलं. हवेचा पारा 10 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तरी फुलाच्या आत 30 ते 36 अंशांचीच ऊब होती. 1996 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ही ऊब उन्हाची नाही, कारण ती रात्रीही टिकते. शिवाय हवा जितकी गार, तितका फुलाचा श्वसनाचा वेग जास्त! वनस्पतीला ना मेंदू, ना मज्जासंस्था. तरी तापमान सांभाळण्याचं काम चोख.

ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा ऊष्मागतिकीचा पहिला नियम कमळालाही लागू आहेच. ऊब येते ती साठवलेल्या पिष्टाच्या ज्वलनातून. एरवी सजीव पेशी साखरेतली साधारण 35 ते 40 टक्के ऊर्जा एटीपी या रेणूत साठवतात आणि उरलेली उष्णता म्हणून बाहेर पडते. ही गळती पूर्णपणे थांबवता येत नाही. ऊर्जेचं रूप बदलताना तिचा काही भाग उष्णता म्हणून निसटतोच, हे सांगणारा ऊष्मागतिकीचा दुसरा नियम तिथे आडवा येतो. आपलं अंग कोमट असतं ते याच गळतीमुळे.

कमळ मात्र ही गळती मुद्दाम वाढवतं. त्याच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, इलेक्ट्रॉनांना एक आडवाट असते. त्या वाटेने गेलेले इलेक्ट्रॉन एटीपी बनवण्याच्या कामी फारसे येत नाहीत. धरणाचं पाणी टर्बाइनवर न नेता सांडव्यातून सोडून द्यावं, तसा प्रकार. वीज नाही, नुसता धबधबा. इथे नुसती उष्णता. एका फुलाची ही शक्ती 1 वॉटपर्यंत जाते.

एवढा खर्च कशासाठी? उबेमुळे गंध लवकर पसरतो, हे एक कारण सांगतात. (सुरणाचं फूलही तापतं, पण त्याचा गंध न घेतलेलाच बरा.) मला दुसरं कारण जास्त पटतं. भुंगेऱ्यांना उडण्याआधी अंग तापवावं लागतं आणि त्यात त्यांची बरीच ऊर्जा जाते. रात्री पाकळ्या मिटल्यावर आत अडकलेल्या भुंगेऱ्याला ही ऊब फुकट मिळते. सकाळी तो परागकण अंगावर घेऊन, स्वतःचं इंधन वाचवून, दुसऱ्या फुलाकडे निघतो.